पानपिंपरीच्या पाकिटावरून गाळलेली ओळ

मी, लीलावती नामदेवराव येऊल, वय ७४, अविवाहित, रसायनशास्त्राची निवृत्त अध्यापिका, राहणार राजापेठ, अमरावती, हे मृत्युपत्र स्वहस्ते लिहीत आहे. डोके शाबूत आहे. डॉक्टरांचा दाखला जोडला आहे. कोणी दबाव आणलेला नाही, आणण्याची कोणाची हिंमतही नाही. सर्व काही माझ्या भावाचा मुलगा नितेश याला देणारे पूर्वीचे मृत्युपत्र रद्द समजावे.

१. कारण आधी, वाटणी नंतर. अंजनगाव सुर्जी येथे मी पगारातून घेतलेला वीस गुंठे मळा आहे. त्यात पानपिंपरीचे, म्हणजे औषधी पिंपळीचे, वेल आहेत. पिंपरीचा तिखटपणा पायपरिन या द्रव्याचा. खोकल्या-कफावर लोक ती पिढ्यान्‌पिढ्या घेतात. पण हेच पायपरिन आतड्यातून दुसरी औषधे जास्त शोषू देते आणि यकृताला ती लवकर मोडू देत नाही. गोळी तेवढीच, रक्तात मात्रा जास्त. हे मी वर्षानुवर्षे वर्गात सांगितले. नितेशला तर घरी, जेवताना सांगितले.

नितेशने पिंपरीचे चूर्ण विकायला काढले. पाकिटावर माझा फोटो मागितला. मी नवी साडी नेसून तो काढून घेतला, हेही लिहून ठेवते. अट एकच घातली. पाकिटावर ही ओळ हवी: ‘फिटच्या, रक्त पातळ करण्याच्या किंवा इतर रोजच्या गोळ्या सुरू असल्यास डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नये.’ त्याने प्रूफ आणले. ओळ होती. मी सही केली. बाजारात पाकीट आले ते त्या ओळीशिवाय.

२. मैनाबाई तीस वर्षे माझ्या मळ्यात वेल बांधते. मळा देवासारखा मानतात, म्हणून चपला बांधाबाहेर काढून आम्ही दोघी आत जायचो. वाळलेल्या मालातली एकेक पिंपरी चावायची, जीभ बधिर झाली तरच माल तोलायचा. तिला फिटची गोळी सुरू आहे. खोकला झाला म्हणून तिने परतवाड्याहून ते पाकीट आणले. तीन आठवड्यांत तिचा तोल जाऊ लागला. विहिरीजवळ पडली, खुबा मोडला. रक्तात औषध जवळपास दुप्पट निघाले.

दवाखान्यात मी तिच्यावरच रागावले, “मला विचारलं का नाहीस?”

ती म्हणाली, “तुमाले काय इचारू बाई? पाकिटावर तुमीच तं हासून राह्यल्या होत्या.”

नितेशला जाब विचारला. म्हणाला, “आत्या, थे ओळ वाचून गिऱ्हाइक पाकीट खाली ठेवते. अन् सही तं तुमचीच हाय.”

त्या दिवसापासून मी त्याच्या हातचा चहा घेतलेला नाही.

३. मळा, विहिरीतील हिश्श्यासह, मैनाबाईला द्यावा. नितेशला तिथे जायचे झाल्यास तिला विचारून जावे, आणि चपला बाहेर काढाव्यात.

४. माझ्या प्रयोगवह्या, तराजू आणि काचेचे सामान आमच्या प्रयोगशाळेतले जुने सहायक धर्मपाल यांना. हाताखाली काम करूनही माझ्या चुका तोंडावर दाखवणारा तो एकच माणूस. या मृत्युपत्राची अंमलबजावणीही त्यांनीच करावी.

५. राजापेठेतील घर. तक्रार देऊन मी पाकिटे थांबवली, पण विकलेली अजून लोकांच्या फडताळांत आहेत. वर्तमानपत्रात दोनदा सूचना दिली. कोणी वाचली नाही. निधनवार्ता मात्र आपल्याकडे चहासोबत सगळे वाचतात. म्हणून माझी निधनवार्ता नितेशने द्यावी. फोटो पाकिटावरचाच, हसरा. लोक तोच ओळखतात. त्याखाली गाळलेली ओळ, पूर्ण. त्याखाली: ‘ही ओळ मी पाकिटावरून काढली होती. शोकाकुल, नितेश येऊल.’ मृत्यूनंतर तीन दिवसांत अमरावती आणि अकोला, दोन्ही आवृत्त्यांत हे छापून आल्यास घर त्याचे. न आल्यास घर विकून सर्व रक्कम मैनाबाईच्या उपचारासाठी द्यावी.

६. निधनवार्तेचे प्रूफ नितेश दाखवील. धर्मपाल यांनी ते पाहू नये. छापलेला अंक पाहावा, मगच किल्ली द्यावी.

मी साक्षीदारांसमोर आणि त्यांनी माझ्यासमोर, वाचून सह्या केल्या.

सही: लीलावती नामदेवराव येऊल

साक्षीदार:
१. खुशालराव डोमाजी वानखडे, शेजारी
२. केशरबाई रामटेके, निवृत्त सहकारी

स्थळ: अमरावती
दिनांक: १४ ऑगस्ट २०२५