मी बारा म्हटलं होतं

"मान बापयांनी मोजूचो, चेडवांनी नाय." मान पुरुषांनी मोजायचा, मुलींनी नाही. माझे वडील काशीराम यांचं हे १९८९ सालचं वाक्य. मी तेव्हा दहा वर्षांची होते. आज मी, विनिता काशीराम घाडीगावकर, वय ४६, गणिताच्या शिकवण्या घेणारी, राहणार चारकोप, कांदिवली पश्चिम, पूर्ण शुद्धीत आणि कुणाच्याही दडपणाशिवाय हे मृत्युपत्र लिहीत आहे. पुढच्या आठवड्यात माझी शस्त्रक्रिया आहे. डॉक्टर काळजी करू नका म्हणाले, म्हणूनच लिहून ठेवते.

१. आधी मानाबद्दल, नाहीतर पुढचं कळणार नाही. आमच्या घराण्याचा गणपती चार भावांच्या घरांत फिरतो. दर चार वर्षांनी आमच्याकडे येतो. गावच्या जत्रेचा मान सहा घरांत फिरतो. तो दर सहा वर्षांनी. दोन्ही मान ज्या वर्षी एकाच घरात येतात, त्या वर्षी तिथे लग्नकार्य करायचं नाही, ही रीत. १९८९ला दोन्ही आमच्याकडे होते. बाबा म्हणाले, "चार सक चोवीस. आता एकदम २०१३ला." मी म्हटलं, "नाही बाबा, बारा. चार, आठ, बारा. सहा, बारा. २००१लाच येतील." तेव्हाचं ते वाक्य. थोरला भाऊ नितेश सातवीत होता, लसावि शिकून झाला होता. तो हसला. "गप गं विने, बाबांचं बरोबर आहे."

२. मुलुंडच्या मुलाशी माझं लग्न २००१च्या मे महिन्यात करायचं ठरलं. पत्रिकेच्या नमुन्यामागे मी पुन्हा मांडून पाहिलं. बाराच आलं. मी गप्प बसले, कारण मला ते लग्न हवं होतं. ही चूक माझी. ती मी कुणाच्या नावावर करत नाही. मार्चमध्ये गावाहून निरोप आला, गणपतीबरोबर यंदा जत्रेचा मानही तुमच्याकडेच. लग्न वर्षभर पुढे ढकललं, मुलाकडचे थांबले नाहीत. शालू कपाटात आहे, घडी मोडलेली नाही. तो कुणाला नेसायला देऊ नये. अभ्रे शिवावेत.

३. चारकोपची माझ्या मालकीची खोली पुतणी ऋतिका नितेश घाडीगावकर हिला द्यावी. ती सज्ञान होईपर्यंत माझी मैत्रीण मीरा परब हिने खोली सांभाळावी, माझ्या भावाने नव्हे. ऋतिकाने लग्न कोणत्या वर्षी करावं, किंवा करूच नये, हे तिचं तिने ठरवावं.

४. शिकवणीची अठरा पुस्तकं आणि चोवीस कोऱ्या वह्या आहेत. मुलं विचारतात, "टीचर, लसावि-मसाविचा उपयोग काय?" मसावि सांगतो, काहीही न उरता जास्तीत जास्त किती जणांना सारखं वाटता येईल. अठरा आणि चोवीसचा मसावि सहा. सहा मुलांना प्रत्येकी तीन पुस्तकं, चार वह्या द्याव्यात. लसावि सांगतो, वेगवेगळ्या चालीने जाणाऱ्या दोन गोष्टी पुन्हा एकत्र कधी येतील. बाबांनी नुसता गुणाकार केला. चारमध्ये दोन आहे, सहामध्येही तोच दोन आहे. तो दोनदा धरला की चोवीस येतात. एवढंच होतं. दहा वर्षांच्या मुलीला कळण्याइतकं.

५. बंधू नितेश यांना आईची समई, आईने सांगितलं होतं म्हणून. यंदा दोन्ही मान पुन्हा एकत्र आले. गणपतीला आलेल्या पाहुण्यांसमोर दादा म्हणाला, "हिला ठाऊक होतं हो सगळं. तेव्हा बोललीच नाही." ऋतिकाने विचारलं, "आत्या, खरंच?" मी मोदक वाढत राहिले.

वरील मजकूर मी स्वतः लिहिला, वाचला, आणि साक्षीदारांसमोर सही केली.

विनिता काशीराम घाडीगावकर
साक्षीदार: १. अस्मिता तांडेल (शेजारी) २. चैतन्य राणे (माजी विद्यार्थी)
चारकोप, १४ ऑक्टोबर २०२५

सहीखालच्या मजकुराला कायद्यात किंमत नसते, असं वकीलबाई म्हणाल्या. म्हणून हे मुद्दाम इथे लिहिते.

दादा, २०३७ला दोन्ही मान पुन्हा तुझ्याकडे येतील. आरतीआधी, चारही घरं जमलेली असताना, ऋतिकाच्या देखत एवढंच बोल: "विनी तेव्हाच बारा म्हणाली होती. मला माहीत होतं. मी हसलो."

तू बोलणार नाहीस. तरी बोल.