आंबेनळीत हाक देणारी सायकल

तीर्थरूप हैबतीमामा यांना, भाचा किशोर याचा ठिणग्यांनी भोकं पडलेल्या शर्टासकट वाकून नमस्कार.

मामींचा गुडघा आता जिना चढू देतो का? तुमचा खोकला गेला असेल असं धरून चालतो. गेल्या वेळी फोनवर तुम्ही बोललात कमी आणि खोकलात जास्त, मला वाटलं माझ्या सायकलीला हसताय. (हसतही असाल.) इकडे पोलादपुरात आम्ही सुखरूप आहोत. 'सुखरूप' लिहिताना हात जरा थांबला, तो का थांबला ते कळवायलाच हे पत्र. फोनवर सांगता येत नाही, कारण फोन तुमच्या भाचेसुनेसमोर, म्हणजे अनुपमासमोर, करावा लागतो आणि तिनं आता घरात 'सायकल' या शब्दावर बंदी घातली आहे.

तुम्हाला ठाऊकच आहे, महाडच्या औद्योगिक वसाहतीत मी कंपनीचे पाइप वेल्डिंग करून जोडतो. दिवसभर दुसऱ्याचे पाइप जोडणाऱ्याला कधीतरी स्वतःचं काही जोडावंसं वाटतं. डोंगरात चालवायच्या सायकली दुकानात मिळतात, पण त्या आपला घाट बघून केलेल्या नसतात असं माझं मत, म्हणून सांगाडा घरीच करायचा ठरवला. पडवीत खडूनं नकाशा काढला, तो अनुपमानं सकाळी पुसला, मी आठवणीनं पुन्हा काढला आणि तिथंच कोन चुकला. पहिल्या सांगाड्याचा पुढचा पाइप इतका उभा झाला की हँडल वळवलं की चाक पायाला लागे. पहिल्याच वळणावर मी शेजारच्या गीताबाईंच्या पडवळाच्या मांडवात शिरलो. (त्या अजून बोलत नाहीत. पडवळ मात्र त्यांनी त्याच दिवशी करून खाल्लं.) दुसरा सांगाडा मजबूत झाला, पण असा जड की सायकल मला नेण्याऐवजी मीच तिला फिरायला नेत असे. तिसरा भंगारातल्या पातळ पाइपांचा केला आणि तो मामा, खरंच जमला. बंद पाइप जोडताना आतली तापलेली हवा निघून जायला बारीक भोक ठेवावं लागतं, नाहीतर ती जोड फोडून बाहेर येते. तसं भोक मी वरच्या आडव्या पाइपला ठेवलं आणि ते बुजवायचं राहून गेलं.

एका रविवारी दुपारी सायकल टेम्पोत टाकून आंबेनळी घाटाच्या माथ्यावर गेलो आणि उतरायला लागलो. धुकं असं होतं की पुढचं चाक दिसत होतं ते माझंच आहे यावर विश्वास ठेवावा लागत होता. वेग आला तशी त्या भोकात हवा शिरली आणि सायकल कूऽऽ करून ओरडली. आपल्याकडे या डोंगरावरून त्या डोंगरावर हाक घालतात ना, अगदी तश्शी. मला गंमत वाटली. तेवढ्यात खालून, दरीच्या अंगानं उत्तर आलं, कूऽऽ. मी म्हटलं, घुमला आवाज. ब्रेक दाबून थांबलो. सायकल गप्प. खालून मात्र पुन्हा कूऽऽ, आणि या खेपेला जवळून.

अंगावर काटा उभा राहिला तो बसायच्या आत धुक्यातून डोक्यावर प्लास्टिकची खोळ घेतलेली एक म्हातारी वर आली. माझ्याकडे न बघता माझ्यामागे बघत राहिली. मग म्हणाली, "तू हायस होय! मला वाटलं, आमचा आला."

ती राहीबाई. रस्त्याखालच्या वाडीत एकटीच राहते, बाकीची घरं मुंबईला गेली. तिनं चहाला नेलं. तिचा नवरा पांडू वर रानात मध काढायला गेला होता तो अशाच धुक्यात परतला नाही. लोकांनी दरी धुंडाळली, त्याचा कोयतासुद्धा मिळाला नाही. त्याची रीत अशी, की घाटातल्या वळणावरून हाक द्यायची, ती ऐकून हिनं भात टाकायचा. "एवढ्या वर्षांत आज पयल्यांदा हाक आली रे," ती म्हणाली. भोकाचं काही न सांगता मी चहा संपवून निघालो.

दुसऱ्या दिवशी मी ते भोक वेल्डिंगनं बंद केलं आणि पुढच्या रविवारी तिला खरं काय ते सांगायला गेलो. धुकं तसंच होतं. सायकल चकार शब्द न काढता उतरली. त्याच वळणावर मी पाय टेकला आणि वरून, मी नुकताच आलो त्या रस्त्यावरून, हाक आली. गाडी नाही, माणूस नाही. मी पाइपवर हात ठेवला, तो गार आणि मुका. खालून राहीबाईनं उत्तर दिलं, पण ते मला नव्हतं. मी सायकल खांद्यावर घेऊन पळत सुटलो. (तिच्यावर बसूनही पळता येतं हे त्या वेळी सुचलं नाही.)

अंगणात पोचलो तर आतून भाताची वाफ येत होती. "बस," राहीबाई म्हणाली, "त्यो बी येतोच हाय." सांगायला आलो होतो ते सोडून मी बसलो. तिनं सायकलीवरून हात फिरवला. "ही तूच केलीस? मंग त्याला बी एक करून दे. चालत यायला लई उशीर होतो रे त्याला."

मी हो म्हणालो. मामा, तुम्ही तिचा चेहरा पाहिला असतात तर तुम्हीही म्हणाला असतात. वाट चढताना मागून तिचं बोलणं ऐकू येत होतं, उशीर झाल्याबद्दल लाडानं रागावणं. मध्येमध्ये ती थांबत होती, समोरच्याला बोलू द्यावं इतपत.

मामींना नमस्कार, आणि खोकल्यावर अडुळसा घ्या असा मोठ्यांना आगाऊ सल्ला.

तुमचा,
किशोर

ता. क. तुमच्या सायकलींच्या दुकानातून पुढचं चाक धरणारा चिमटा आणि मोठी चाकं कंपनीच्या पत्त्यावर पाठवा. अनुपमाला कळू देऊ नका. राहीबाईनं नवऱ्याची उंची दाराच्या चौकटीवर हात ठेवून दाखवली, ती माझ्या डोक्यावरून गेली.

ता. क. पुन्हा. वरचं सामान राहू द्या. मी तिला म्हणालो होतो की पायाचं माप घेतल्याशिवाय सांगाडा होत नाही, आणि मनात म्हटलं सुटलो. ती म्हणाली, "मंग येत्या रविवारी ये, मी त्याला थांबवून ठेवते." तर मामा, शनिवारच्या एसटीनं तुम्हीच या. माप घ्यायला दोन माणसं लागतात. टेपचं खालचं टोक मी जमिनीशी धरीन. वरचं तुम्ही धरा.