माती हलकी राहो

प्रिय बडबडे,

तुझ्या खोलीतल्या मैत्रिणीवर रागावू नकोस. फोन मीच केला होता. तू हल्ली 'बरी आहे, जेवले, झोपते' एवढ्यावरच भागवतेस, आणि तू गप्प झालीस की मला धडकी भरते. एम.ए.ला ग्रीक-लॅटिन घेतलंस तेव्हा तुझी आत्या म्हणाली होती, मेलेल्या भाषा शिकून ही बोलणार कुणाशी? मला तेच आठवायला लागलं.

मैत्रिणीने आधी आढेवेढे घेतले. मग सांगितलं, की तुझा प्रबंध रोमन लोकांच्या थडग्यांवरच्या मजकुरावर आहे, मागे राहिलेल्या नवऱ्याने किंवा बायकोने कोरून घेतलेल्या. मला तू 'जुने शिलालेख' एवढंच सांगितलं होतंस. सुट्टीत मी चहा घेऊन आले की कागद उशीखाली का जायचे, ते आत्ता कळलं. मी समजत होते, एखाद्या मुलाची पत्रं असतील.

मी तिला थोडं वाचायला लावलं. एकाने लिहिलंय, बायकोबरोबर इतकी वर्षं एकही कुरबूर न होता राहिलो. मी फोनवरच हसले. माणसं दगडावरसुद्धा थापा मारतात. तुझ्या बाबांचं आणि माझं पंख्याच्या वेगावरून रोज वाजायचं. आता पंखा माझ्या मनासारखा फिरतो, तर झोप लागत नाही.

मग ते वाक्य आलं, म्हणे कितीतरी दगडांवर असतं: माती तुझ्यावर हलकी राहो. मी तिला थांबवलं. बाबा गेल्यापासून जो तो मलाच धीर देतोय. स्वतःला जप, मुलीकडे बघ. त्यांच्यासाठी कुणी काही मागितलं नव्हतं, मीही नाही. तसं मागता येतं हेच ठाऊक नव्हतं. फोन ठेवला, पोटभर रडले आणि भांडी घासायला घेतली. किती दिवसांनी हात असे सहज चालत होते.

म्हणून हे पत्र. आईला सोसणार नाही म्हणून तू विषय बदलून मागितलायस, हेही मला कळलंय. उद्याच तुझ्या बाईंना भेट आणि अर्ज मागे घे. मला सोसतं. सोसत नाही ते तुझं गप्प बसणं. लिहून झालंय तेवढं पाठवून दे. कुणी न शिकवता मी आजवर बरंच वाचलंय, हेही वाचीन. अडलं तर फोन करीन, मग तू तासभर सांगत बस.

तुझीच, रोज थोडं रडणारी आणि व्यवस्थित जेवणारी,
आई