जबड्याला चिंता चालत नाही

॥ श्री ॥
फणसवाडी, गिरगाव
१३ जानेवारी २०२५

चि. अनुजास ताईचे अनेक आशीर्वाद.

फोन सोडून ताई पत्र लिहायला लागली म्हणून घाबरू नकोस. कानापुढे जबड्याचा सांधा असतो, तो माझा बिघडलाय. वर्षभर कटकट वाजत होता. परवा जांभई दिली आणि तोंड अर्ध्यातच अडकलं. हिंदमाताजवळ दातांच्या डॉक्टर श्रेया आहेत, त्यांनी तपासलं तर तोंडात जेमतेम दोन बोटं गेली. म्हणाल्या, तुम्ही झोपेत दात खाता, दाढा पार सपाट झाल्यात. चाळीस वर्षं एका खोलीत झोपून यांनी मला कधी सांगितलं नाही. विचारलं तर म्हणतात, मला वाटायचं उंदीर आहेत.

आता रात्री दातांवर प्लास्टिकची पट्टी, दोन वेळा गरम शेक, खायला पेज नाहीतर मऊ भात, आणि सहा आठवडे बोलणं अगदी कामापुरतं. चिंता तर मुळीच करायची नाही, चिंता आली की जबडा आवळतो. फोन सगळे हेच घेतात. घरात शांतता झाली म्हणून स्वारी खूश आहे.

बाकी यांनाही माझीच लागण झालीय बघ. पिशवी घेऊन जिना चढले की दुसऱ्या मजल्यावर जबडा धरून उभे राहतात. दोन मिनिटांनी ठीक. मग माझी शेकाची पिशवी पळवतात. मी हसायला गेले तर मलाच कळ येते.

लिहीत जा गं. दिवसभर गप्प बसून माणूस आंबतं.

तुझी,
गुणवंतीताई


॥ श्री ॥
फणसवाडी
१८ जानेवारी २०२५

चि. अनुजास हरेश्वरचे अनेक आशीर्वाद.

काल फोनवर तू मला असं झाडलंस की माझ्या मास्तरांची आठवण झाली. परळच्या इस्पितळात सव्वीस वर्षं केसपेपरच्या खिडकीवर बसलीस, जबडा धरून आलेली माणसं हृदयाची निघालेली पाहिलीस, हे मला मान्य. चालताना दुखतं आणि थांबलं की थांबतं, हेही तू बरोबर ओळखलंस. पण तुझ्या ताईला यातलं अक्षर कळता कामा नये. मोठ्या कष्टाने तिचं तोंड आता अडीच बोटं उघडतंय. माझं ऐकलं की रात्रीत पुन्हा बंद होईल.

खरं सांगायचं तर मीही भितो. माझा थोरला भाऊ छातीत जळजळतं म्हणून चालत इस्पितळात गेला, तो चालत बाहेर आला नाही. मला थोडे दिवस दे. मी तपासून घ्यायला परळला येतो, शब्द देतो.

हे पत्र फाडून टाक. मेहुणी म्हणून एवढं तरी माझं ऐक.

तुझा,
हरेश्वर


॥ श्री ॥
लालबाग
२१ जानेवारी २०२५

ती. भाऊजींस,
शि. सा. न. वि. वि.

थोडे दिवस म्हणजे किती, ते तुम्ही लिहिलं नाहीत, म्हणून मीच लिहिते. सोमवार, सत्तावीस तारीख. तोवर मी ताईला काही कळवणार नाही. तिच्या जबड्यासाठी म्हणून गप्प बसते, तुमच्या भीतीसाठी नाही. सोमवारी तुम्ही आला नाहीत, तर मी येऊन तिच्यासमोर सगळं सांगेन.

तोवर पिशव्या उचलू नका. आमच्या मजल्यावरच्या तात्यांसारखं ‘मला काय होतंय’ करत हिंडू नका. तात्या गेले. मला धड झोप लागत नाही, भाऊजी. रागावले असेन तर मायेपोटीच रागावले, हे ओळखा.

आपली,
अनुजा


॥ श्री ॥
फणसवाडी
२८ जानेवारी २०२५

चि. अनुजास अनेक आशीर्वाद.

तोंडात तीन बोटं गेली! डॉक्टर श्रेयांनी टाळीच वाजवली. सकाळची कळ गेली, कटकटही कमी झाली. आता दिवसा दातावर दात ठेवायचा नाही हे शिकतेय. ओठ मिटलेले आणि दात सुटे. सोपं वाटतं, पण दूध उतू जायला लागलं की माझे दात आपोआप आवळतात.

एक गोष्ट लिहू की नको असं चाललं होतं. तू यांच्यासाठी जे केलंस, ते यांनी मला सगळं सांगितलं. विषय काढायचा नाही अशी तू तंबी दिलीस म्हणे, म्हणून काढत नाही. पण डोक्यावरचं ओझं उतरलं गं. पाठच्या बहिणीने पाठीशी उभं राहावं ते असं.

चवळीची उसळ खायची परवानगी मिळाली की पहिलं ताट तुझं.

तुझी,
ताई


॥ श्री ॥
लालबाग
१ फेब्रुवारी २०२५

ती. भाऊजींस,
शि. सा. न. वि. वि.

आधी कान पकडते. सोमवारी तुम्ही फोनवर म्हणालात की ताईला सांगून टाकलं, गिरगावातल्याच डॉक्टरांना दाखवलं आणि गोळ्याही सुरू झाल्या, तेव्हा माझा विश्वास बसला नव्हता. म्हटलं, हे मला गुंडाळतायत. ताईला विचारावं म्हणून पत्र लिहायलाही घेतलं होतं, तेवढ्यात तिचंच आलं. तुम्ही सगळं सांगितलंत असं तिने आपल्या हाताने लिहिलंय. विषय काढायचा नाही हेही तिने लिहिलंय, म्हणून मीही तिच्याकडे काढत नाही. तिच्या जबड्याला तेच बरं.

गोळ्या चुकवू नका. मी आज बऱ्याच दिवसांनी पोटभर जेवले. असेच सांभाळून राहा आणि आम्हांला सांभाळा.

आपली,
अनुजा


फणसवाडी
२७ फेब्रुवारी २०२५

अनुजा,

वर श्री घातलेला नाही. अजून हात होत नाही.

काल यांचा कोट कुणाला तरी द्यावा म्हणून काढला. आतल्या खिशात तुझी दोन पत्रं होती, आणि डॉक्टर श्रेयांची चिठ्ठी. चिठ्ठीची घडीसुद्धा मोडलेली नाही.

ती चिठ्ठी पंचवीस जानेवारीची. त्या दिवशी हे माझ्याबरोबर दवाखान्यात आले होते. जिना चढून जबडा धरलेला डॉक्टरांनी पाहिला. माझ्या तोंडातलं काम तसंच ठेवून त्यांनी यांना चार प्रश्न विचारले आणि चिठ्ठी लिहिली. हा दातांचा त्रास नाही, आजच्या आज हृदयाच्या डॉक्टरांकडे जा, म्हणाल्या. हे मला घरी सोडून तिथूनच परळला निघाले. संध्याकाळी हसत परत आले. म्हणाले, अनुजा दिवसभर माझ्याबरोबर उभी होती, सगळे रिपोर्ट चांगले आहेत, नुसतं पित्त आहे. पण तिला आभार मानलेले आवडत नाहीत, तू विषय काढू नकोस.

तुझं नाव घेतलं म्हणून मी विश्वास ठेवला. दुसऱ्या कुणाचं घेतलं असतं, तर चार वेळा विचारलं असतं. आणि तू माझ्या पत्रावर विश्वास ठेवलास. मला सांगितलंय असं तुला सांगितलं, तुझ्याबरोबर दाखवून आलोय असं मला. दोघींच्या मध्ये उभं राहून या माणसाने आपल्याला एकमेकींची साक्ष दिली.

अकरा तारखेला आम्ही बाजारातून येत होतो. दुसऱ्या मजल्यावर हे थांबले, कठड्याला धरून. मी पुढे होते. माझ्या मनात पित्तच होतं, अनुजा. बोलायची मनाई, म्हणून मी वरून हाताने खूण केली, चला लवकर. यांनी मान हलवली आणि दोन पायऱ्या चढले. माझ्यासाठी चढले. पुढचं तुला ठाऊक आहे.

तेराव्यापर्यंत तू इथे होतीस. गोळ्या चालू असून असं कसं झालं, असं तू एकदा पुटपुटलीस. मला वाटलं, पित्ताच्या गोळ्या. तेव्हाही मी विचारलं नाही.

तुझी पत्रं वाचून मी तुला शिव्या घातल्या. अगदी मोठ्याने घातल्या, शेजारची रखमा धावत आली. मग जिन्यात केलेली ती खूण आठवली आणि कुणावर रागवायचं ते कळेना. यांच्यावर रागवावं, तर आता ऐकायला ते नाहीत.

मला चिंता नको म्हणून तुम्ही दोघांनी मला वगळलंत. यापुढे मला कशातूनही वगळू नकोस. जबडा जागच्या जागी अडकला तरी चालेल. तुझ्या त्या खिडकीवर कुणाचं काय व्हायचं, किती जण वाचायचे, वेळेवर आले असते तर हे वाचले असते का, ते सगळं मला ऐकायचंय, आणि तुझ्या तोंडून ऐकायचंय.

हे मिळाल्यावर उत्तर लिहायला बसू नकोस. निघ आणि ये.

ताई