बागेतला आखाजीचा झोका

माय, आज तलावावरच्या बागेत जाऊन आले. बांधाचे दगड तेच आहेत. आता तिथे लोखंडी झोके लागलेत, दोराऐवजी साखळ्यांचे. तुला ते अजिबात आवडले नसते.

लग्नानंतरच्या पहिल्या आखाजीला, अक्षय्य तृतीयेच्या सणाला, मी भडगावहून माहेरी आले, तर दरवर्षी झोका बांधायचा तो गल्लीतला निंब जागेवर नव्हता. तलावाचं पाणी नळानं गावात आणायचं म्हणून चर खणताना तो पाडला होता. तू माझ्या तोंडाकडे पाहिलंस आणि पोर हिरमुसली असं परस्पर ठरवून टाकलंस. खापरावरची पुरणपोळी उतरवलीस आणि उठलीस. नळ आल्यापासून आडाचा दोर खुंटीवर रिकामाच पडून होता. तो तुझ्या खांद्यावर, बसायचा पाट माझ्या डोक्यावर, मागे गल्लीतल्या साऱ्या माहेरवाशिणी. बाग तेव्हा नवी होती, गुलाबाचे वाफे होते, आणि फाटकावर 'झाडांना हात लावू नये' अशी पाटी. ती मी तुला दोनदा मोठ्यानं वाचून दाखवली. "हात कोन लावस? आपन दोर बांधतस," म्हणालीस आणि आत शिरलीस.

राखणदार धावत आला. "अक्का, आठे दोर बांधता येत नही. सायेबना हुकूम शे."

"तुमना नळसाठे आमना निंब पाडा. मंग पोरगीना झोका काय आभायले बांधू? परवा ती सासरले जाई."

त्यानं माझ्याकडे पाहिलं. त्याची लेक त्या वर्षी आखाजीला आली नव्हती, हे नंतर कळलं. "ती फांदी कवळी शे, हाई जाड फांदीले बांधा. मी पानीकडे देखस. माले मांगलं काई दखास नही." आणि गडी खरोखरच पाठ फिरवून उभा राहिला!

तू झोका देते आहेस, पायाखाली गुलाब, मग बांध, मग नुसतं पाणी. गाणं माझंच सगळ्यांत मोठं. "देखा, मनी पोर कशी उडस!" असं सगळ्यांना सांगत तू हसते आहेस. इतकं मोकळं हसताना मी तुला कधी पाहिलं नव्हतं.

हे पत्र कुठे टाकायचं नाही, म्हणून सांगते. निंब गेलेला पाहून मी हिरमुसले नव्हते गं, सुटले असं वाटलं होतं. झोक्याची मला लहानपणापासून भीती. डोळे गच्च मिटून मी ओरडत होते, त्यालाच तुम्ही गाणं समजलात. तरी तू होतीस तोवर दर आखाजीला येऊन बसले. आज नात म्हणाली, "आजी, बस ना." नाही बसले. मागे तू नसताना कशाला बसू?