गोदू पार गेली

२३ नोव्हेंबर १९५८, रविवार. म्हसावद.
भागीरथीबाईंवरच्या माझ्या प्रबंधाचं पहिलं प्रकरण पुण्याला प्राध्यापकांकडे पाठवलं होतं, ते परत आलं. सोबत चार ओळी. ‘कादंबऱ्या बहुधा यजमानांच्याच. सत्तर-ऐंशी वर्षांपूर्वी शहाद्यासारख्या ठिकाणी कारकुनाच्या पत्नीने असे गद्य लिहिणे संभवत नाही. पुरावा असल्यास कळवावे.’
दोन्ही कादंबऱ्यांवर तिचं नाव नाहीच, नुसतं ‘एका स्त्रीने रचिलेली’. प्रस्तावना यजमानांची. ‘मी शुद्ध करून दिली.’ एवढ्या एका वाक्यावर बाई पुसली गेली.
पुरावा कुठून आणू? दोन वर्षं शोधतेय. शहाद्यात ती राहायची ते घरसुद्धा आता नाही.
दिवसभर कुणाशी बोलले नाही. दूधवाली आली तेवढीच.

२६ नोव्हें.
‘तापीकाठची गोदू’ पुन्हा काढली. शेवटी विधवा गोदू नदीत बुडते, दीड पानात. एकोणिसाव्या वर्षी मी ही पहिल्यांदा वाचली, ‘हे’ गेले त्याच वर्षी. तेव्हा गोदू बुडाली ते मला बरोबरच वाटलं होतं. आज त्याचाच राग येतो.
पण तो शेवट भागीरथीबाईंच्या हातचा वाटत नाही. वाक्यं एकदम जड होतात, संस्कृत शब्द घुसतात. हे प्राध्यापकांना लिहिलं तर हसतील.

३० नोव्हें., रवि.
कळसाडी. सातवीतली जमना आजीकडे घेऊन गेली. वर्गात मी भागीरथीबाईंचं नाव घेतलं होतं, ते तिने घरी सांगितलेलं. आजी काशीमाय, ऐंशीच्या पुढची. माहेर शहाद्याचं, कारकुनाच्या घराला लागूनच. हिची आई आणि भागीरथीबाई मैत्रिणी.
मी विचारलं, त्या लिहायच्या का? म्हातारी हसली.
“लिखे ना! चूल्हापाशी बठी लिखे. मी धाकली व्हतू. दौत मी धरू.”
दौत मी धरू! तिची दौत धरलेला हात समोर, कापसाच्या बोंडांनी चिरलेला.
मुलगा हिराभाई, सून मंजूबेन. भाकरी खाऊन जा म्हणाले. खाल्ली.

७ डिसेंबर, रवि.
वही आहे.
काशीमायच्या पेटीत, लुगड्याच्या घडीत. पूर्ण ‘गोदू’, भागीरथीबाईंच्या हातची. आईने जपली, मग हिने. घरात कुणाला फारसं वाचता येत नाही, म्हणून कुणी उघडलीच नाही.
अक्षर बारीक, उजवीकडे कललेलं. आणि पानापानावर लाल शाई. यजमानांची. ‘अशुद्ध.’ ‘हे स्त्रीस शोभत नाही.’ ‘बडबड.’ एका पानावर आख्खा परिच्छेद खोडून नुसतं ‘स्वयंपाक कोण करणार?’
घरी न्यायला मागितली. “नही. अठेच वाच. माले बी आयकाडजो.”
म्हणून दर रविवारी तिला वाचून दाखवायची आणि उतरवून घ्यायची, असं ठरलं. लाल शाई मोठ्याने वाचली नाही.

१४ डिसें., रवि.
बावीस पानं. मंजूबेन चुलीपाशी भाकऱ्या थापतेय असं दाखवते, थापत नाही. गोदूचे केस काढतात तिथे काशीमाय म्हणाली, बस कर आज. मलाही पुढे वाचवलं नसतं.
निघताना तिने विचारलं, “तू एकलीच ऱ्हास का?”
हो.
“रातले बोलाले कोनी नही?”
म्हटलं, सवय आहे. तिने शेंगांची पुरचुंडी हातात दिली.

२१ डिसें.
ताप. गेले नाही. भावाला सांगलीला पत्र टाकून महिना झाला, उत्तर नाही. मुख्याध्यापक दारातूनच विचारून गेले. बाईमाणसाच्या खोलीत कसं यायचं, वगैरे. संध्याकाळी हिराभाई बैलगाडी घेऊन दारात. “माय म्हने, बाई का नही उनी ते दखी ये.” त्याच्यासमोर रडू आलं. मेला अशक्तपणा.

४ जानेवारी १९५९, रवि.
शेवट वाचला.
गोदू बुडत नाही. नावेत बसते, पलीकडे उतरते, कुणाच्या तरी दारात उभी राहून पाणी मागते. त्या घरची बाई ‘तू कुणाची’ असं विचारत नाही, तांब्या देते. गोदू पाणी पिते आणि ओट्यावर बसते. संपलं. खाली लाल अक्षरांत ‘असे होणे नाही’, आणि पलीकडच्या कागदावर तो बुडण्याचा शेवट. सगळा लाल, एकटाकी.
काशीमायने डोळे मिटून ऐकलं. “पानी दिधं ना तिले? मंग व्हयनं.”
पुरावा! दोन अक्षरं, दोन शाया. घरी येईपर्यंत पाय जमिनीवर नव्हते. प्राध्यापकांना लगेच पत्र टाकलं. काशीमायला न विचारता टाकलं.

११ जाने., रवि.
काशीमायने आज सांगितलं. भागीरथीबाई शेवटच्या आजारात हिच्या आईला म्हणाल्या होत्या, वही तापीत सोड. आईच्याने सोडवली नाही. हिच्याही नाही.
“पन आते मन्हासंगे जाऊ दे. मी गऊ का सोडी दे. कोनले दखाडू नको.”
का पण? इतकं चांगलं लिहिलंय.
“तिनं लिखेल चांगलंच शे. त्यानं लाल लिखेल कोनी वाचाले नको. तिले लाज वाटे.”
मी मान डोलावली. पत्राचं सांगायचं धैर्य झालं नाही.

१७ जाने.
पुण्याहून उत्तर. ‘अत्यंत महत्त्वाचे. उतारा चालणार नाही, मूळ वही पाहणे आवश्यक. फोटो घेणार. स्वतः येतो.’ मला ‘विदुषी’ म्हटलंय. आयुष्यात पहिल्यांदा. चारदा वाचलं, खोटं कशाला लिहू.

२० जाने.
काशीमाय गेली. पहाटे, झोपेतच. जमना वर्गात आली नाही तेव्हाच ओळखलं.

२३ जाने.
अस्थी तापीत सोडल्या. मी काठावर उभी होते. परतताना हिराभाईने वही माझ्या हातात दिली, त्याच लुगड्याच्या तुकड्यात. म्हणाला, “माय तुमले काय बोलनी ते तुमले माहीत. मी इचाराव नही.”
विचारलं असतं तर बरं झालं असतं.

२८ जाने.
शाळा, खोली, वही. लाल ओळी तेवढ्या झाकून फोटो घेता येतील का? पण मग पुरावा काय उरला? लाल शाईमुळेच ती लेखिका ठरते, आणि तिला नको होतं ते तेवढंच. ती गेली त्याला सत्तर वर्षं झाली, मेलेल्याला कसली लाज, असं दिवसभर स्वतःला बजावलं. एकोणिसाव्या वर्षी मला काय काय बोलले होते लोक. ते कुणी आज छापलं तर?

१ फेब्रुवारी, रवि.
कळसाडीला गेले, कशाला ते माहीत नाही. मंजूबेनने ताट वाढलं. मग तिनेच विचारलं, “बाई, ती ओटावर बठनी, मंग तठेच ऱ्हायनी का?”
पुढचं लिहिलेलं नाही म्हटलं.
“ऱ्हायनीच व्हई,” म्हणाली.

४ फेब्रु., बुध.
प्राध्यापक दुपारच्या गाडीने आले. सभ्य आहेत, थकलेत, पायांवर पाणी घेऊन बाहेर खाटेवर बसलेत. कॅमेरा मांडीवर. प्रकरण परत पाठवल्याबद्दल आल्या आल्या माफी मागितली. मला वाटलं होतं राग येईल, आला नाही. दोन वर्षांत भागीरथीबाईंविषयी माझ्याशी बोलायला आलेला हा पहिला माणूस.
चहा ठेवलाय. वही इथेच पोळपाटाशेजारी, गुंडाळलेली.
बाहेरून विचारताहेत, “बाई, उजेड आहे तोवर घेऊ या का?”
मी म्हटलं, हो, आले. अजून उठले नाही.