धम्मदीप कॅसेटच्या चिठ्ठ्या कोणी लिहाव्यात

मी, लिंबाजी नरसिंग सोनकांबळे, वय बासष्ट, धर्म बौद्ध, धंदा रेडिओ दुरुस्ती व कॅसेट विक्री, मूळ गाव शिरूर अनंतपाळ, हल्ली मुक्काम लातूर, आपल्या खुशीने हा दस्त लिहून ठेवीत आहे. डोके ठिकाणावर आहे. कोणी भरीस घातलेले नाही, कोणी काही पाजलेलेही नाही. कानाचे म्हणाल तर सोलापूरच्या डॉक्टरांनी मागच्या आठवड्यात तपासून सांगितले की गाठबिठ काही नाही, जिवाला धोका नाही. फक्त वरचे बारीक आवाज गेले, ते परत येणार नाहीत. उन्हाळाभर मी मनात मरण धरून बसलो होतो. म्हणून हे मृत्युपत्र भीतीपोटी लिहिलेले नाही, भीती गेल्यावर लिहिले आहे. वाचणाराने त्याच बेताने वाचावे.

घर, शिल्लक, हत्यारे यावरून आमच्या घरात वाद नाही. वाद एकच आहे, माझ्यामागे दुकान कोणाचे: मुलगा व्यंकटीचे की मुलगी पंचफुलाचे. ते कलम पाचमध्ये येईल. आधीचे वाचल्याशिवाय ते पटणार नाही, तरी कोणी उडी मारू नये.

कलम १. राहते घर पत्नी सरजाबाई हिच्या मालकीचे राहील. तिच्या हयातीत तिला कोणी 'तू इकडं चल, तू तिकडं चल' करू नये. पोस्टातली शिल्लकही तिचीच. या बाईने तीस वर्षे स्वयंपाकघरात माझ्यासाठी परदेशी वाजप ऐकले आणि भाकरी थापता थापता खरा निकाल दिला. तीन मात्रांची चाल भाकरीला चालत नाही, हात अडखळतो, हा शोध तिचा आहे. नाव माझे झाले.

कलम २. तिच्या पश्चात घर व्यंकटीचे. त्यात पंचफुलाला एक खोली कायमची, रस्त्याकडच्या खिडकीसह.

कलम ३. मीटर, कैची आणि तारांना डाग द्यायची इस्त्री दुकानातच राहील. पेचकसांचा जर्मन संच मात्र घड्याळवाले वीरण्णा यांना दिला आहे. तो त्यांनी नवा जिल्हा झाला त्या साली 'उद्या देतो' म्हणून नेला आहे, तेव्हा पोहोचवायची तसदी नाही. त्यांना साक्षीदार करायचे मनात होते. पण ज्याला काही मिळते त्याने साक्ष देऊ नये, असे वकील सांगतात. पेचकस मिळाले, मान गेला.

कलम ४. वडिलांची सनई व्यंकटीच्या घरी राहील. वडील पिढीजात वाजवणारे. गावात जमीनदार मालकाच्या दारात लग्न असले की बोलावणे नसे, हुकूम असे. छप्पन साली धम्म घेतला तेव्हा वडिलांनी सनई धुतली, फडक्यात बांधली आणि म्हणाले, "आजपासून हुकमानं फुंकायची न्हाई." पुढे मी सिकंदराबादला रेडिओ दुरुस्ती शिकलो. तिथे रेल्वेतल्या एका गार्डसाहेबाच्या घरी ग्रामोफोन दुरुस्त करताना पहिल्यांदा जॅझ ऐकले. पाचसहा जण एकाच चालीवर आपापले बोलतात, कोणी कोणाला गप्प करीत नाही आणि भांडणही होत नाही. मला ते लई आवडले. गावी येऊन सांगितले तर मालक म्हणाले, "बापानं वाजवायचं सोडलं, अन् आता पोरगं ऐकायला बसलं व्हय?" हाव, बसलो. त्या बसण्यावर दुकान उभे राहिले. मालकांचा नातू गेल्या साली दहावीच्या अभ्यासासाठी काही द्या म्हणून आला. त्याला मी खरोखर चांगली कॅसेट दिली, वाईट दिली नाही. पोरगा पास झाला. माझ्याकडून ते प्रकरण मिटले आहे. सनई वाजवण्याची व्यंकटीवर सक्ती नाही.

कलम ५. आता दुकान. 'धम्मदीप रेडिओ व कॅसेट'ची रीत ज्याला माहीत नाही त्याच्यासाठी लिहितो. आमच्याकडे गाण्याच्या कॅसेटा आहेतच, त्या सगळीकडे मिळतात. आमचे नाव झाले ते बिनशब्दांच्या वाजपावर. जॅझ मी मुंबई-हैदराबादहून आणतो. विजेवरच्या पेटीचे नव्या तऱ्हेचे संगीत दुबईहून सुट्टीवर येणारी उदगीरची पोरे आणतात. अशी प्रत्येक कॅसेट मी आधी ऐकतो आणि तिच्या डबीवर चिठ्ठी लावतो: कोणत्या कामाला चालेल, कोणत्या नाही. 'शिवणयंत्राला नको, पाय चुकतो.' 'चहाच्या हॉटेलात लावू नये, गिऱ्हाईक उठत नाही.' 'दुपारच्या झोपेला बरी, दुसरी बाजू ऐकू नये.' कारागिराचे कौतुक करायला चिठ्ठीवर जागा नसते, आणि रोज ऐकणाराला ते लागतही नाही. आणि रीत अशी की ज्या कामासाठी चिठ्ठी, त्या कामात एकदा वाजवून बघितल्याशिवाय ती लावायची नाही. नागप्पांच्या पिठाच्या गिरणीत पट्टा चालू असताना मी किती पियानो तपासले असतील. हेच दर पंधरवड्याला दत्तोपंत त्यांच्या साप्ताहिकात 'रोजचे ऐकणे' म्हणून छापतात. नवा जिल्हा झाला, कचेऱ्या आल्या, बदलीवरचे लोक आले आणि हे वाचून दुकानात येऊ लागले.

जिल्ह्याबरोबर रस्त्यावरच्या गाळ्यांचे भावही चढले. व्यंकटी कलेक्टर कचेरीत कारकून आहे, त्याला हिशेब कळतो. त्याचे म्हणणे, दुकानात व्हिडिओ भाड्याने द्यावेत, आणि पंचफुलाने घरी बसावे. ती दहावीपासून गल्ल्यावर बसते. त्याला ते खटकते. मी हो म्हणायच्या बेतात होतो. माझ्यामागे चिठ्ठ्या कोण लिहिणार? चिठ्ठी नसेल तर ते दुकान कशाचे?

या उन्हाळ्यात आमच्या गल्लीला टँकर दिवसाआड येत होता. दुकानासमोर घागरींची रांग लागे, आणि रांगेत भांडण ठरलेले. मी रांगेसाठी दुकानाच्या भोंग्यावर शांत काहीतरी लावीत असे, त्याने फरक पडे. बाया स्वतः सांगत, "लिंबाजीदादा, परवाचंच लावा." एप्रिलात दुबईची एक नवी कॅसेट आली. पंचफुला मावशीकडे कंधारला गेली होती. मी एकट्याने ऐकली: खाली मऊ, लांब सूर, विहिरीत दोर सोडावा तसे. चिठ्ठी लिहिली, 'पाण्याच्या रांगेला उत्तम', आणि रिवाजाप्रमाणे रांगेतच लावून बघितली.

धीरच धरला नाही रांगेने. टँकरचा नळ सुटायच्या आधीच बाया पुढे सरकू लागल्या, घागरीवर घागर आदळली, धुरपताबाईंचा पितळी हंडा चेमटला आणि त्या मला म्हणाल्या, "दादा, ह्ये काय लावलंय, जीव नुसता पळून राहिलाय." मला काही कळेना. मला तर विहीरच ऐकू येत होती.

दुसऱ्या दिवशी पंचफुला परतली. तिने कॅसेट लावली, थोडी ऐकली आणि माझ्याकडे न बघता विचारले, "बाबा, वरची टिकटिक तुमाला ऐकू येत न्हाई का?"

मी म्हटलं, कसली टिकटिक.

त्या सुरांवर सबंध वेळ घड्याळापेक्षा जलद एक बारीक टिकटिक चालली होती. गिरणीतल्या नागप्पांना ऐकू आली. सरजाबाईला आली. टँकरच्या ड्रायव्हरलाही आली. मला नाही. मग सरजाबाईने सांगितले ते मला आधी कळायला हवे होते: दोन वर्षांपासून माझ्या प्रत्येक कॅसेटमागून पंचफुला ऐकत होती, आणि माझी चिठ्ठी चुकली असेल तर माझ्यासारखेच अक्षर काढून बदलीत होती. मला लागू नये म्हणून बोलली नाही. ती कंधारला गेली तेवढ्यात हंडा चेमटला.

मी व्यंकटीला बसवून हे सारे सांगितले. तो हनुवटी खाजवू लागला. मग म्हणाला, "म्हंजे दोन साल दुकान तिच्यावरच चालून राहिलंय. मग मला काय विचारता? तिच्या नावानं करा." पोराचे मन मोठे आहे, फक्त कचेरीत ते फाईलीखाली दबते. त्या रात्री मी पोटभर जेवलो आणि पडल्या पडल्या झोपलो. सोलापूरच्या डॉक्टरांच्या आधी मला खरे बरे वाटले ते तिथे.

सबब, दुकान, गाळा, भोंगा, सर्व कॅसेटा आणि चिठ्ठ्या लिहिण्याचा अधिकार पंचफुला लिंबाजी सोनकांबळे हिचा. व्हिडिओ ठेवायचे की नाही हे तिने ठरवावे. तिचा भाऊ सल्ला देईल, मालकी सांगणार नाही. यापुढे चिठ्ठ्या तिने आपल्या अक्षरात लिहाव्यात. दत्तोपंतांनी सदर तिच्या नावाने छापावे, खाली 'लिंबाजींची कन्या' असे कंसात घालू नये. तसेच माझे 'लई' ते खोडतात तसे तिचे खोडू नये.

कलम ६. धुरपताबाईंना दुकानातर्फे नवा पितळी हंडा द्यावा. मी हयातीतच देणार आहे, राहून गेला तरच हे कलम.

कलम ७. माझ्या मरणानंतरचा जलदान विधी साधा असावा. वंदना झाल्यावर लोक जेवायला बसतील तेव्हा भोंग्यावर सॅक्सोफोनची निळ्या डबीतली कॅसेट, पहिली बाजू, हलक्या आवाजात लावावी. लोकांनी निवांत जेवावे एवढाच हेतू.

वरील मजकूर मला वाचून दाखवला, बरोबर आहे. लातूर, बुद्ध पौर्णिमेनंतरचा रविवार, दि. १७ मे १९८७.

सही: लिंबाजी नरसिंग सोनकांबळे

त्यांनी आमच्यासमोर, हसतमुखाने सही केली:
१. दत्तोपंत मुरुडकर, निवृत्त शिक्षक, साप्ताहिकाचे संपादक
२. नागप्पा बिडवे, पिठाची गिरणी

पुरवणी, तोच दिवस, तेच साक्षीदार: कलम ७ पंचफुलाने वाचले आणि खोडायला लावले. तिचे म्हणणे, "बाबा, निळ्या डबीतला सॅक्सोफोन वर जाऊन रडतो. तुमाला तेवढं ऐकू येत न्हाई. लोक घास हातात धरून बसतील." तिने दुसरी कॅसेट काढून लावली. मी दोन्ही बाजू लक्ष देऊन ऐकल्या. मला तिच्यात विशेष काही ऐकू आले नाही. तीच लावावी.

सही: लिंबाजी नरसिंग सोनकांबळे
साक्षी: दत्तोपंत मुरुडकर, नागप्पा बिडवे